संबळाची वाकळ

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी थोरल्या बहिणीच्या लग्नाचा गोंधळ झाला. त्या गोंधळात देवीच्या पूजेचा धान्याचा चौक आत्याने शिवलेल्या वाकळेवर भरला गेला. गाव अणदूर. चौकाखाली कोरं कापड घालायची आमच्या घरची रीत होती. जुन्या लुगड्यांची वाकळ त्याआधी कुणी घातली नव्हती.

वाकळ शिवायला आत्याला चार महिने लागले. आत लुगड्यांचे तुकडे, कडेला इरकलीचे काठ, वरून तांबड्या दोऱ्याच्या टाक्यांच्या बारा ओळी. टाके एकसारखे नव्हते. संबळाचा ठोका घुमतो तिथे लांब टाका, कडक पडतो तिथे आखूड. वाजवणाऱ्याचा हात थांबतो तिथे कवडी.

शेजारीण म्हणाली, "अंगावर घेतली तर टोचंल की वं!"

"अंगावर घ्यायला न्हायच ती," आत्या म्हणाली. "वाजवायची हाय."

आईने अट घातली. "वन्सं, गोंधळ्यांनी ही बघून वाजवली, तर घाला चौकाखाली. न्हाईतर कोरं कापड आणून ठेवलंय."

"न्हाय वाजली तर माझ्या हातानं उसवीन."

गोंधळाच्या दिवशी दुपारी म्हातारे गोंधळी आले; त्यांचाच संबळ आत्या लहानपणापासून ऐकत आली होती. आत्याने त्यांना टाक्यांची खूण सांगितली. त्यांनी डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवलं आणि उजव्या हाताने मांडीवर ठेका धरला. चार ओळी बिनचूक गेल्या. पाचवीच्या मध्यावर ते थांबले.

"आक्का, हितं माझा हात थांबत न्हाय. मला कुणी थांबवलं?"

"आना कात्री!" शेजारीण म्हणाली.

आत्या वाकली. बोटाखाली कवडी होती. तिने ती उलटून पाहिली.

"ही माझी न्हाय. दोरा पांढरा हाय."

आई पुढे आली. "म्या लावली. समद्या ओळींत मधी कवडी, हितंच रिकामं. म्हणलं, वन्सं विसरल्या."

"विसरले न्हाय, वहिनी. त्या ओळीत हे गोंधळीबाबा दमच घेत न्हाईत."

"व्हय," गोंधळी म्हणाले. "तितं दम घेतला तर देवी उठून जायची."

कात्री आलीच होती. आत्याने पांढरा दोरा कापला आणि कवडी आईच्या हातावर ठेवली. गोंधळ्यांनी संबळ कमरेला बांधून काड्या हातात घेतल्या आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. ओळीवरून बोट आता आत्या फिरवत होती. बाराही ओळी वाजल्या. कुठे अडलं नाही. आईने कोऱ्या कापडाची घडी पेटीत ठेवली आणि वाकळेची दोन टोकं स्वतः धरून ती अंथरली.

वाकळ आता बहिणीकडे आहे. पाचव्या ओळीत कवडी नाही. तिथे सुईची दोन भोकं आहेत.