बोललेला कोंबडा

काल सोसायटीत औषध फवारलं आणि त्या वासानं मी थेट सासरी, जासईच्या अंगणात जाऊन उभी राहिले. त्या वर्षी बर्ड फ्लू आला म्हणून सरकारी माणसं असंच औषध फवारत गावातल्या सगळ्या कोंबड्या मारायला नेत होती. सासूबाईंनी एक कोंबडा छातीशी घट्ट धरला.

"यो बोललेला हाय!"

"आजी, सगळेच बोलतात," त्या माणसांचे साहेब हसले.

"अहो, नवसाचा आहे," मी म्हटलं. माझा मुलगा तापातून उठला, म्हणून हा कोंबडा देवीला द्यायचा होता. नवस फिटला नाही तर पोराचं काय, या भीतीनं सासूबाई त्याला सोडत नव्हत्या.

शेवटी सासूबाईंनी तिथंच कोंबड्याला कुंकू लावलं, "आई, तुझा तू घे," म्हणाल्या आणि साहेबांच्या हातात दिला. तेव्हा मला त्या माणसाचा रागच आला होता. आता वाटतं, प्लास्टिकच्या पोशाखात घामानं निथळत तो बिचारा कुंकू लावून होईपर्यंत थांबला की हो.