ताईचा तिसरा फेरा

आमच्या ताईला ‘झालं’ हा शब्द म्हणता येत नाही. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, गॅस बंद केला की पुन्हा स्वयंपाकघरात डोकावणार. एका शाळेच्या ऑफिसात ती निकालांचे प्रोग्राम लिहिते आणि आजवर एकाही मुलाचा मार्क इकडचा तिकडे झालेला नाही. कौतुक आहेच, पण तिच्याबरोबर एका घरात राहून बघा.

सहा वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. ताईने त्यांच्यासाठी नऊ मोठ्या बटणांची फळी आणि एक प्रोग्राम तयार केला. बाबा डाव्या हाताच्या एका बोटाने बटणं दाबत, प्रोग्राम शब्द ओळखून मोठ्याने बोले. बोट थरथरून शेजारच्या बटणावर पडलं तरी तो सांभाळून घेई. फोनही देऊन पाहिला होता; बाबांनी तो भिंतीवर फेकला.

गेल्या महिन्यात जुना कॉम्प्युटर जळला. नवा आणला आणि आमच्या मागे साडेसाती लागली. ताईने प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता, त्या भाषेच्या कर्त्यांनी कधीच गाशा गुंडाळला होता. त्या भाषेचा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्राम, नव्या मशीनसाठी तयार मिळेना. मिळाला तो नुसता त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर. पीठ हवं होतं आणि हातात गव्हाचं पोतं आलं.

त्यात हा कंपायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेला, म्हणजे कंपायलर बांधायलाही कंपायलर हवा! ताईने मला समजावलं, ‘‘आधी एका कामचलाऊ कंपायलरने पहिला बांधायचा. मग पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा. कोड एकच, म्हणून दुसरा आणि तिसरा तंतोतंत जुळले तरच खरं.’’

ही फाइल सापडत नाही, ती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, जुनी आहे. एक चूक निस्तरावी तर तिच्या चार बहिणी दारात उभ्या. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी पहिला कंपायलर बांधला गेला. ताईने त्यातून बाबांचा प्रोग्राम काढला, बटणं दाबली, आणि ‘नमस्कार’ हा शब्द स्वच्छ ऐकू आला. आई लगेच बाबांची खुर्ची टेबलाकडे ढकलायला लागली.

‘‘थांब आई,’’ ताई म्हणाली. ‘‘पुढचे दोन बांधून होऊ देत.’’

ते तासाभरात बांधून झाले, पण जुळले नाहीत. एवढ्या मोठ्या फाइलीत फरक होता फक्त सहा अक्षरांच्या एका तुकड्यात.

‘‘अगं, पहिला चालतोय ना? मग दे की त्यांना!’’ मी ओरडलो.

‘‘तू लिफ्ट न तपासता माणसं चढवतोस का?’’

मी लिफ्ट दुरुस्त करून पोट भरतो, हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

‘‘आणि बाबा डॉक्टरांना ‘ऑपरेशन नको’ म्हणाले,’’ ती पुढे म्हणाली, ‘‘आणि यंत्राने ‘नको’ गाळलं, तर?’’

पुढचे चार दिवस ती ऑफिसला रजा टाकून त्या सहा अक्षरांच्या मागे लागली. जेवायला हाक मारली की ‘‘आले’’ म्हणायची आणि यायची नाही. बाबा समोरच असायचे. वायर सुटलेली फळी त्यांच्या मांडीवर, तरी त्यांचं बोट बटणं दाबत राहायचं. टक, टक, बाकी काही नाही. मला ताईचा संताप यायचा. मग तिचे सुजलेले डोळे दिसायचे आणि स्वतःचीच लाज वाटायची.

चौथ्या दिवशी दुपारी ताई एकाएकी हसायला लागली. ते हसू काही बरं नव्हतं. कंपायलर बांधला जाताना त्याच्या पोटात बांधल्याची वेळ लिहिली जात होती: तास, मिनिटं, सेकंद. सहा आकडे. दुसरा आधी बांधलेला, तिसरा नंतर. ते जुळणार कसे? आणि ती ओळ मूळ कर्त्यांची नव्हतीच. कुठला कधी बांधला याचा गोंधळ नको, म्हणून ताईनेच ती पहिल्या दिवशी घातली होती. डोंगर पोखरून उंदीर काढला, तोही घरचाच.

ओळ काढून तिने सगळं पुन्हा बांधलं. दुसरा आणि तिसरा जुळले. तिने फळीची वायर जोडली आणि म्हणाली, ‘‘बोला बाबा. आता एक अक्षरही चुकणार नाही.’’

बाबांना बराच वेळ लागला. आम्ही तिघं उभे होतो. मग यंत्र त्याच्या सपाट आवाजात बोललं, ‘‘चुकीचं बोललो असतो. पण बोललो तरी असतो.’’

‘‘बाबा, मला वाटलं...’’ ताई म्हणाली.

चार दिवस मी दुसरं काय सांगत होतो? पण माझं खरं ठरल्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. आईने ताईला खुर्चीवर बसवलं. बाबांचं बोट पुन्हा बटणांवर गेलं होतं, आणि या वेळी ते काय म्हणतील याची आम्हा तिघांनाही धास्ती वाटत होती.