चौदावा दिवस

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी जावेच्या बाळाला लस टोचायला डिचोलीच्या आरोग्य केंद्रात नेलं होतं. तिथल्या नर्सबाईंचं नाव मी विचारलं नाही. काचेच्या सिरिंजा उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढत त्या बोलत होत्या आणि समोरच्याकडे बघत नव्हत्या. त्यामुळे मला लाज वाटत नव्हती.

"तुजें भुरगें खंय?" बाळ जावेचं आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं.

"लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही," मी म्हटलं. नवरा मुरगाव बंदरात कामाला. पाळीच्या चौदाव्या दिवशीच गर्भ राहतो, असं त्याने कुठेसं वाचलेलं. तेवढा दिवस धरून तो गावी, लाटंबार्शाला घरी यायचा. तरी काही होईना, म्हणून सगळे माझ्यातच दोष काढत.

"पाळी किती दिसांनी येता?"

"पस्तीस."

"मगे चौदावो दीस तुजो न्हय, बाय. फुडली पाळी येवची, ताच्या चौदा दीस आदीं मेज." भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजत त्यांनी एकविसाव्या दिवसावर बोट ठेवलं. "हो अंदाज. आदले चार-पांच दीसय धर. आनी घोवाकय तपासून घे. दोष फकत बायलेंतच आसता, अशें कोणें सांगलें?"

नवऱ्याने कुरकुरत तपासणी करून घेतली, रजेचे दिवसही बदलले. दीड वर्षाने मुलगी झाली. दिवस बदलले म्हणूनच झाली, असं मी म्हणणार नाही. पण स्वतःला दोष देणं मात्र मी त्याच दुपारी, परतीच्या बसमध्ये सोडलं होतं.