जॅकच्या दांड्यावरचा मुलामा

आमच्या मालकांनी कुणाचं ऐकलंय असं मी तरी उभ्या संसारात पाहिलं नाही. ट्रॉली उचलणाऱ्या जॅकच्या चकचकीत दांड्यावर काळी माती वाळून बसली, की हे घ्यायचे हातोडा आणि बसायचे ठोकत.

"काहून ठोकून राहिलात? पाणी मारा की," मी म्हणायचे.

"लोखंड हाय ते, पापड न्हाई."

त्या दुपारी आमच्या वसमतकडच्या शेतात उकडलेली हळद वाळत पडली होती. मालकांनी रिकामी ट्रॉली वर उचलली आणि ग्रीस लावायला खाली शिरले. आधी लाकडाचा टेका द्यायचा असतो, पण तेवढा धीर कुणाला? मी हळद पसरवत होते. सहज दांड्याकडं नजर गेली, तर तेलाचा ओघळ. बघता बघता ट्रॉली वीतभर खाली आली.

"अहो, बाहेर या. तेल गळून राहिलं. ट्रॉली बसून राहिली."

ओ नाही. ट्रॅक्टर चालू होता, म्हटलं ऐकू गेलं नसंल. पुन्हा ओरडले, पुन्हा तेच. ट्रॉली आणखी खाली. मग काय सुचलं देव जाणे, तोंडातून निघून गेलं, "म्हशी शिरल्या हळदीत!"

मालक एका उडीत बाहेर आले. त्यांच्या पाठीमागं ट्रॉली धाडकन खाली बसली.

"कुठं हायत म्हशी?" ते हळदीकडं बघून विचारत होते. मी खाली बसलेल्या ट्रॉलीकडं बोट केलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं जॅक खोलला. आतलं तेल अडवणारं रबर चिरलेलं, त्यात चमकणाऱ्या कपच्या रुतलेल्या. एक मी नखावर घेतली. इतकी पातळ, की विश्वास बसेना. मिस्त्री म्हणाला, दांड्यावरचा मुलामा कडक, खालचं लोखंड त्याच्याहून मऊ. हातोडा बसला की खालचं दबतं, वरच्याला दबता येत नाही, तो तडकतो. मऊ गोधडीवर ठेवलेल्या वाळक्या पापडावर बोट दाबलं की होतं, तेच हे. म्हणजे पापडच होता की तो.

मिस्त्री गेल्यावर मालक ट्रॉलीपाशीच बसून राहिले. मी चहा घेऊन गेले.

"तू बाहेर या म्हणून वरडत होतीस ना," ते खाली बघत म्हणाले, "ते ऐकू येत होतं मला."

मी कप तिथंच मातीत ठेवला आणि हळद पसरवायला निघून गेले.