पाचव्या सकाळचा ठिपका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर भर वर्गात माझी विजार उसवली तेव्हाचंही सगळं सांगितलं होतं. माझ्या फजित्या मीच रंगवून सांगतो. शिक्षकखोलीत त्यावर माझा चहा फुकटात सुटायचा. ही मात्र रंगवता येत नाही. करून पाहिलंय. दमलो.

बारावीला मी रिग्रेशन शिकवायचो. म्हणजे काय, तर विखुरलेल्या ठिपक्यांमधून, सगळ्यांच्या शक्य तितक्या जवळून जाणारी एक सरळ रेघ काढायची आणि तिच्यावरून पुढचा अंदाज बांधायचा. पुस्तकातल्या उदाहरणांना पोरं जांभया द्यायची. मग मला हुशारी सुचली. आमच्या छत्रपती संभाजीनगरात तेव्हा नळाला आठ दिवसांनी पाणी. तर प्रत्येकानं पाणी येऊन गेल्यापासून पुन्हा येईपर्यंत, रोज सकाळी घरच्या टाकीत काठी बुडवायची, किती इंच भिजली ते मोजायचं, आलेखावर ठिपका द्यायचा. टाकी तळ कधी गाठणार, ते रेघ सांगेल. काय प्रयोग! स्वतःची पाठ मी स्वतःच थोपटली – हात पोचत नव्हता तरी.

सगळ्यांचे ठिपके शहाण्यासारखे खाली उतरत गेले. सुवर्णाचे सोडून. ही लासूर स्टेशनची, शिकायला मामाकडे राहिलेली. मामाचं घर माझ्या मागच्या गल्लीत. आमच्या भागातली वर्गात ती एकटीच. तिचं पाणी चार दिवस उतरलं आणि पाचव्या सकाळी एकदम काठोकाठ.

"सर, हिच्या टाकीला झरा लागला!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. वर्ग खदखदला.

"झरा नाय, नळालाच आलतं," ती म्हणाली. "मी दोनदा काठी बुडवून पाह्यली, सर."

आता सांगतो. सांगायलाच बसलोय ना? – पाणी आलं होतं. मीच आणवलं होतं. माझ्या मुलीला पाहायला पैठणहून पाहुणे यायचे होते, घरात हंडे कोरडे, आणि आमच्याकडचा व्हॉल्व्ह फिरवणारा माझा जुना विद्यार्थी. आदल्या दिवशी त्याला गाठलं. "सर, उद्या पलीकडच्या वस्तीची पाळी हाय," तो मान खाली घालून म्हणाला. "तासाभराचा तर प्रश्न आहे रे बाबा," मी म्हणालो. हा शिकवण्याचा उपयोग! पहाटे आमच्या दोन गल्ल्यांना पाणी आलं. वस्तीला आलं नाही. पाहुणे दोन-दोन ग्लास प्यायले आणि नकार कळवून मोकळे झाले.

त्या वस्तीतली सात-आठ पोरं त्याच वर्गात, माझ्यासमोर बसलेली. त्यांच्या वहीत नवव्या, दहाव्या सकाळचेही ठिपके होते – शून्यावर झोपलेले. 'चिकाटी चांगली' असा शेरा मी मारला होता.

सुवर्णा खरी ठरली असती, तर पुढचा प्रश्न काय आला असता? मधेच पाणी कसं आलं, कुणाचं आलं? – तो मला त्या पोरांच्या तोंडून ऐकायचा नव्हता. म्हणून मी फळ्याकडे वळलो आणि म्हणालो, "मोजायचा कंटाळा आला तर तसं सांगावं, सुवर्णा. घरी बसून आकडे बनवू नयेत."

आवाज चढवलासुद्धा नाही. चढवला असता तर निदान तिला रडता आलं असतं.

तिनं शेजारणीकडून खोडरबर घेतलं. पाचवा ठिपका पुसला, आणि पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे तिथंच बसून देऊन टाकले – नेमके रेघेवर. सगळ्या वर्गात इतकी सरळ रेघ कुणाची नव्हती. मी दहापैकी दहा दिले.

आदल्याच महिन्यात ती विचारायला आली होती – पुढं संख्याशास्त्रच घेऊ का, पुण्याला जाऊ का. नंतर आली नाही. निकालानंतर तिचे मामा रस्त्यात भेटले. "आमची पोरगी दुसरंच कायतरी घ्यायलीय, सर. म्हणती, मला मोजमाप जमत नाय."

एवढ्या वर्षांत तिच्याइतकं नीट मोजणारं मला कुणी भेटलं नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

"होतं असं एखाद्याचं," मी त्यांना म्हणालो.