बोटीवरून आलेलं मशीन

बाबा बोटीवर होते. आमच्या आळीत निम्म्या घरांतले पुरुष बोटीवरच असायचे, त्यामुळे त्याचं कुणाला नवल नव्हतं. वर्षातले बरेच महिने घर आमचं दोघींचं, माझं आणि आईचं. मग एक दिवस दारात रिक्षा थांबायची, दोन मोठ्या बॅगा उतरायच्या आणि त्या दिवसापासून घरात कुठली वस्तू कुठे ठेवायची हेसुद्धा बदलायचं.

मी सातवीत होते त्या वर्षी ते मे महिन्यात आले आणि सामानात घरी आईस्क्रीम करायचं मशीन होतं. परदेशातल्या कुठल्या तरी बंदरात घेतलेलं. त्याला आपली वीज चालत नव्हती म्हणून सोबत एक जडशीळ ट्रान्सफॉर्मरही होता. मशीन म्हणजे एक पांढरा डबा, वर मोटर, आत फिरणारं प्लास्टिकचं पातं. खरी करामत आतल्या भांड्याची. त्याच्या दुहेरी भिंतींमध्ये कसलंसं पाणी भरलेलं होतं, हलवलं की खळखळ वाजायचं. ते रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं. वाजायचं थांबलं की समजायचं, भांडं तयार झालं.

बाबांनी हे सगळं आईला उभं करून समजावलं आणि तिच्याकडून परत म्हणवून घेतलं. मग फ्रीजर उघडला. आत आईने साफ करून ठेवलेली कोलंबी होती, सुरमईच्या तुकड्या होत्या. त्यांनी पिशव्या बाहेर काढून ओट्यावर ठेवल्या. "हे देऊन टाक कोणाला तरी." आईने त्या ताटलीत घालून शेजारच्या काकूंना नेऊन दिल्या आणि फ्रीजर सोड्याच्या पाण्याने पुसून काढला. पण मासळीचा वास असा एका पुसण्यात जातो थोडाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी आपल्या दोन मित्रांना बोलावलं होतं, बायकांसकट. तेही बोटीवरचेच. मशीनची बातमी आधीच पोचलेली होती. नेमकी त्या दिवशी सकाळीच माडाची झावळी तारेवर पडली आणि लाईट गेली, ती उन्हं कलल्यावर आली. आईने भांडं बाहेर काढून कानाशी धरून हलवलं. रात्रभर गोठलेलं पाणी आत पुन्हा खळखळत होतं.

"अहो, भांडं परत गोठलं नाही अजून," ती म्हणाली. "आज नुसता आमरस देऊया सगळ्यांना. आईस्क्रीम उद्या करू."

"मी आईस्क्रीमला बोलावलंय."

"पण ते धरणार नाही."

"तू कर. धरतंय की नाही ते आपण बघू."

आईने हापूसचा रस, दूध, साय, साखर सगळं एकत्र करून भांड्यात ओतलं. मशीन फिरलं. खूप वेळ फिरलं. पाहुणे पडवीत बसून मोटरचा आवाज ऐकत होते आणि बाबा त्यांना ते मशीन कसं काम करतं ते सांगत होते. शेवटी आईने ते वाट्यांमध्ये काढलं. पिवळं पातळ पाणी, वर थोडा बर्फाचा चुरा, आणि जिभेवर घेतल्यावर मागून हळूच येणारा कोलंबीचा वास.

"चव छान आहे हो," एका मित्राची बायको म्हणाली.

बाबांनी एक चमचा घेतला आणि वाटी खाली ठेवली. बाबा ओरडणाऱ्यांतले नव्हते. अशा वेळी त्यांचा आवाज उलट खाली यायचा, मऊ व्हायचा. त्यांनी सगळ्यांच्या वाट्या गोळा केल्या. ज्यांनी अर्धं खाल्लं होतं त्यांच्यासुद्धा. सगळं त्या मोठ्या भांड्यात परत ओतलं आणि भांडं आईच्या पुढ्यात ठेवलं.

"घे. संपव."

मित्र हसले. त्यांना वाटलं गंमत चाललीय. आईसुद्धा थोडी हसली आणि भांडं उचलून आत न्यायला लागली.

"आत नाही. इथे बस." बाबा पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बोटीवर कुकने बिघडवलं तर ते कुकनेच खायचं."

असा नियम खरंच असतो का, मला माहीत नाही.

आई पडवीत खालीच बसली. एका बाजूला दुमडलेले पाय, मांडीवर भांडं. ती खायला लागली. पहिले काही चमचे कुणी तिच्याकडे पाहिलं, कुणी नाही. शेजारच्या काकू ताटली परत द्यायला आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या.

"राहू दे हो, भावोजी. माणसं बसलीत."

"म्हणून तर," बाबा म्हणाले. "माणसांसमोर शिकलेलं विसरत नाही माणूस."

मी खांबाला टेकून उभी होते. ती ते भांडं उचलून अंगणात भिरकावेल याची मी वाट बघत होते. तिने तसं काही केलं नाही. वेगही कमी केला नाही. इतरांच्या उष्ट्याचा तो सगळा पातळ गोडवा तिने तळाला चमचा खरवडेपर्यंत संपवला, पदराने तोंड टिपलं आणि विचारलं, "चहा ठेवू ना सगळ्यांना?"

चहा झाल्यावर ती मागच्या परसात गेली. मी गेले तर माडाच्या बुंध्याला हात टेकून ओकत होती. मी तिची वेणी धरली. ओकून झाल्यावर तिने चूळ भरली, बुंध्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि मला म्हणाली, "जा, कप गोळा कर."

बाबा पुन्हा बोटीवर गेले ते पावसाळा ऐन भरात असताना. ते गेल्यावर आईने मशीन माळ्यावर टाकलं असतं तर मला समजलं असतं. पण तिने ते ओट्यावर मधोमध ठेवलं. आटवून बरण्यांत भरलेला आंब्याचा रस घरात होताच. तो वापरून पाहिला तेव्हा तिला कळलं की ताज्या रसातल्या पाण्याचाच बर्फ होतो. रस आटवला की आईस्क्रीम कसं लोण्यासारखं येतं. मग तिने शहाळ्याच्या मलईचं केलं, चिकूचं केलं, ओले काजूगर मिळायला लागल्यावर त्यांचं केलं. फ्रीजरमध्ये मासळी ठेवणं तिने बंदच केलं. दुपारची कामं आटपली की आळीतल्या बायका यायच्या. आई भांडं कानाशी धरून हलवायची आणि काही ऐकू आलं नाही की सगळ्यांना दाखवत हसायची. इतकं हसताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं. रत्नागिरीतल्या लोकांकडून लहानसहान ऑर्डरीसुद्धा यायला लागल्या. कुणाचा वाढदिवस, कुणाचं बारसं.

पुढच्या खेपेला बाबा आले तेव्हा तिने त्यांच्यासमोर वाटी ठेवली. आंब्याचंच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी पहिला चमचा घेतला, थांबले, दुसरा घेतला. वाटी संपवून पुढे केली. आईने पुन्हा भरली. तीही संपली. मग ते हात धुवायला उठले.

त्याच आठवड्यात संगमेश्वरहून आत्या आली. बाबांची धाकटी बहीण. दोन दिवस राहून निघायच्या वेळी बाबा आईला म्हणाले, "ते मशीन पुसून बांध हिला. तिच्याकडे पोरं आहेत, त्यांना होईल. तुझं आता करून झालं."

आईने मशीन धुतलं. पातं, झाकण, भांडं सगळं कोरडं केलं. मूळचं खोकं जपून ठेवलेलं होतं, त्यात वर्तमानपत्रं घालून नीट बसवलं आणि सुतळीने बांधलं. बाबा खुर्चीत बसून बघत होते. तिने मध्येच वर पाहिलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं असं मला आता वाटतं. तिने पाहिलं नाही.

"वहिनी, आंब्याची कृती सांग हां," आत्या म्हणाली. "आमच्या जाऊबाईंनी रत्नागिरीत एका बारशाला खाल्लं, परवा तुझंच आईस्क्रीम वाखाणत होत्या."

आईने सांगितली. दूध किती, साय किती, साखर कधी घालायची, भांडं कानाशी धरून कसं बघायचं. सगळं अगदी मन लावून सांगितलं. रस आटवायचा, तेवढं सांगितलं नाही.

त्यानंतर कित्येक महिने आत्याचे फोन येत राहिले. बर्फ होतोय वहिनी, करकरतं दाताखाली, काय चुकतंय? आई प्रेमाने विचारपूस करायची. साय कमी पडत असेल, म्हणायची. एकदा म्हणाली, "तुमच्याकडचं दूध पातळ असेल हो." फोन ठेवल्यावर ती तशीच भिंतीशी उभी राहायची आणि तिच्या ओठांवर एक हसू असायचं. आत्याने तिचं काहीच वाकडं केलेलं नव्हतं. शेवटी आत्याने प्रयत्न सोडला. सासरी तिची त्यावरून बरीच थट्टा झाली असं पुढे कळलं. आईला ते सांगितलं तर ती म्हणाली, "होय काय?" आणि भाकरी उलटली.

मी शिकले, नोकरीला लागले, लग्न करून इथेच पलीकडच्या वाडीत राहायला गेले. बाबा निवृत्त होऊन कायमचे घरी आले. गुडघे गेलेले, हाताला थोडा कंप. माणूस इतका बदलतो हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास बसला. ते आईला विचारून बाहेर जायचे. तिच्या गोळ्या काढून ठेवायचे. ती उत्तर द्यायची, जेवायला वाढायची, कधी भांडायची नाही.

दोन वर्षांपूर्वी मी आईला नवीन मशीन घेऊन दिलं. ह्याला रात्रभर काही गोठवून ठेवावं लागत नाही, आतच थंड होतं. मला वाटलं, तिचं हिरावलेलं काहीतरी परत देतेय. तिने खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठेव तिथे." महिनाभर ते तिथेच होतं.

ते खोकं उघडलं बाबांनी. मोबाईलवर व्हिडिओ बघत, चष्मा कपाळावर चढवत ते शिकले. रस आटवायचा हे त्यांना कुणी सांगितलं नाही. दोनदा बर्फ झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. दर रविवारी काहीतरी करायचे आणि पहिली वाटी आईपुढे नेऊन ठेवायचे. आई "हूं" म्हणायची. वाटी तिच्याजवळ टीपॉयवर राहायची, वितळायची, आणि संध्याकाळी ती उठून मोरीत ओतून वाटी विसळायची. बाबा समोरच बसलेले असायचे.

"एक चमचा तरी घे," मी तिला एकदा आत नेऊन म्हणाले. "एवढ्या कापऱ्या हाताने करतात. बदललेत ते, आई."

"बदलू देत की. मी कुठे अडवलंय?"

ह्या मे महिन्यात बाबांनी मला हळूच विचारलं, "तिला नक्की कसलं आवडतं गो?" मी आठवायला लागले. बायका खाताना आठवल्या, मी खाताना आठवले. आई वाटी घेऊन बसलीय असं एकही चित्र डोळ्यांसमोर येईना. म्हटलं, तुम्हीच विचारा तिला.

त्यांनी विचारलं ते शेजारच्या काकूंसमोर. काकू आता थकल्यात, रविवारी आईस्क्रीमच्या निमित्ताने येऊन बसतात. बाबा त्यांना हसत म्हणाले, "हिला आंब्याचंच आवडायचं. एकदा तर पाहुणे आलेले असताना हिने अख्खं भांडं एकटीने संपवलं होतं. आठवतं ना तुम्हाला? एवढी आवड!" ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं कौतुक होतं. त्यांनी त्या संध्याकाळचं असंच काहीतरी करून ठेवलं होतं मनात. मग आईकडे वळून म्हणाले, "की दुसरं काही आवडतं? फणसाचं करू?"

काकूंनी मान खाली घातली.

"मला आईस्क्रीम आवडत नाही," आई म्हणाली. "पहिल्यापासूनच नाही."

"पण तू तर इतकं करायचीस..."

"करायची."

एवढंच. टीव्हीचा रिमोट उचलून तिने आवाज वाढवला. ते खरं होतं की त्यांना लागावं म्हणून म्हणाली, हे मी तिला विचारलेलं नाही. बाबांनी वाट्या उचलून आत नेल्या. पुढच्या रविवारी त्यांनी मऊ गऱ्यांच्या बरक्या फणसाचा रस चाळणीतून गाळला, मंद आचेवर आटवला आणि केलंच. वाटी टीपॉयवर ठेवली आणि गुडघे धरत आत जाऊन पडले.

वितळायच्या आत ती वाटी मी खाल्ली. आईच्या हातचं होतं त्याहून ते चांगलं झालं होतं. ते मी बाबांना सांगितलं नाही. आईलाही नाही.