कापसाच्या पातीत भरलेला फॉर्म

नाकावर राग हा माझा जुना आजार. नव्वदच्या आसपास आरोग्याच्या एका संशोधनासाठी मी जळगावहून शिंदखेड्याकडच्या एका गावात फॉर्म भरायला जायची, तेव्हा तर तो फारच बळावला. चोविशीच्या आतल्या सुनांना पाळीचा, अंगावरून जाण्याचा, ओटीपोटाचा काही त्रास आहे का, आणि असला तर त्यांना दवाखान्यात जाता येतं का, एवढंच विचारायचं होतं. पण सून तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेली सासू सांगायची, "तिले काय तरास? बठ्ठं चांगलं शे." आणि मी मुकाट्याने "त्रास नाही" लिहायची.

आमच्या सरांनी तो गठ्ठा चाळला. "अरे वा! सगळं गाव ठणठणीत. दवाखाने बंद करायला सांगू या का?" मी प्रश्नांनाच नावं ठेवली, तर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." जळगावात मेहरूणला घरी येऊन मी आईवर उगाच डाफरले.

पुढच्या खेपेला गेले तर घरांना कुलपं. वेचणीचे दिवस, बाया सगळ्या कापसात. मग मीही पदराची ओटी बांधली आणि एका सुनेच्या शेजारची पात, म्हणजे वेचायची ओळ, धरली. तिच्या सासूला गावात अक्का म्हणत. अक्काचा हात असा चालायचा की घटकाभरात ती अर्धं वावर पुढे. मला मात्र बोंडं टोचत होती. "ताई, तुमनं काम नही हाई," म्हणून सून हसली आणि माझ्यासाठी मागे थांबली. तिथे ती बोलली.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. अंगावरून पांढरं जायचं, कंबर भरून यायची, मूल नव्हतं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, दिवस गेले नाहीत तर तिला माहेरी पोचवणार होते, आणि परत आणायला कुणी जाणार नव्हतं. आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी जायला मिळतं म्हणून आखाजीची वर्षभर वाट बघतात, आणि ही पोर त्याच सणाला भीत होती. मला रडूच आलं.

"अक्कांना मी सांगू का?" मी विचारलं. तिने होकाराची मान हलवली. "पन चिडू नका, ताई."

मी चिडलेच. बांधावर भाकरी खाताना म्हटलं, "अक्का, येत्या बाजाराला हिला मी दोंडाईच्याच्या डॉक्टरबाईंकडे नेणार. नातू पाहिजे ना? मग पोरीला तपासायला नको?"

अक्काने घास संपवला. "मी बी येस," एवढंच म्हणाली. झालं! म्हटलं, आता ही तिथेही येऊन सुनेला बोलू देणार नाही.

दवाखान्यात सून आत गेली, तशी मी अक्काला बाहेर बाकावर अडवून ठेवलं. ती माझ्या हातातल्या फॉर्मकडे बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मन्हा बी कागद भर, ताई. माले बी तोच तरास शे. इतला वरीसमा कोनी इचारंच नही."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. चोविशीची अट गेली चुलीत, मी तिचा फॉर्म भरला. पुढे सरांनी तो बाजूला काढला, काढोत बापडे. डॉक्टरबाईंनी दोघींना औषधं दिली आणि पुन्हा यायला सांगितलं. दोघी दर महिन्याला जायच्या, येताना बाजारात भजी खायच्या. हे ऐकलं की मला भारी आनंद व्हायचा.

आखाजी उलटल्यावर मी धाकधुकीने गावात गेले. सून अंगणात पापड वाळत घालत होती. दिवस गेले नव्हते.

"मग माहेराहून आणायला कोण आलं?"

"सासूच," ती म्हणाली. सणाच्या तिसऱ्याच दिवशी अक्का पहिल्या एस.टी.ने तिच्या माहेरी हजर झाली होती. एवढी घाई कसली, असं विहीणबाईंनी विचारलं, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाली, "हाई उनी नही तं मन्हासंगे दवाखानामा कोन यी?"